शंका आणि उत्तरं : दुपारी रुसणारा इन्व्हर्टर, देवळालीचं साल आणि इतर पत्रं

मखमलाबादहून एक वाचक : घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवून आठ महिने झाले. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टर दहा-पंधरा वेळा बंद पडतो आणि परत चालू होतो. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असं येतं. शेजारच्या मळ्यातले पंप चालू असतील त्या दिवशी मात्र काहीच होत नाही. सोलर बसवणारा म्हणतो इन्व्हर्टर बदला, वायरमन म्हणतो आमच्याकडून सगळं बरोबर आहे. कुणाचं खरं?

उत्तर : पंपांची नोंद तुम्ही ठेवलीत, निम्मं निदान तिथंच झालं. इन्व्हर्टर बहुतेक ठणठणीत आहे. तो बदलू नका.

घरातली वीज लाइनवर ढकलायची, तर इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज लाइनपेक्षा थोडं वर न्यावंच लागतं. किती वर, ते मधल्या वायरच्या रोधावर ठरतं. २३० व्होल्टच्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्टची मर्यादा ओलांडली की त्यानं दोन सेकंदांत बाहेर पडायचं असा नियम आहे. तुमचा इन्व्हर्टर नियम पाळतोय, एवढंच.

आता डीपीकडे बघा. आपल्याकडची रोहित्रं ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्ट देणारी असतात. ४३३ ला १.७३२ ने भागलं की एका फेजला २५० व्होल्ट येतात. लाइनवर भार असला की वाटेत व्होल्टेज पडत पडत घरी २३० च्या आसपास पोचतं, हे गृहीत धरूनच तो आकडा ठेवलेला असतो. पण दुपारी पंप बंद, घरात माणसं नाहीत, त्यात गल्लीतल्या चार गच्च्यांवरून वीज उलटी येतेय. अशा वेळी लाइन मुळातच २५० च्या जवळ असते आणि तुम्हाला खेळायला तीनच व्होल्ट उरतात. पंप लागले की लाइन खाली बसते, म्हणून त्या दिवशी तक्रार नसते.

तुमच्या हातात काय आहे, ते मोजून ठरवा. रखरखीत ऊन असताना इन्व्हर्टरच्या एसी टोकांवर आणि मीटरपाशी, दोन्हीकडे लागोपाठ व्होल्टेज घ्या. दोन्हींत तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर दोष तुमच्याच वायरिंगमध्ये आहे. हिशेब असा : ३ किलोवॉट म्हणजे साधारण १३ अँपिअर. गच्चीपासून मीटरपर्यंत ५० मीटर अंतर आणि ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर धरू. अशा वायरचा रोध हजार मीटरला सुमारे ७.४ ओहम. फेज आणि न्यूट्रल मिळून १०० मीटर, म्हणून ०.७४ ओहम, गुणिले १३, म्हणजे ९.६ व्होल्ट. हीच वायर १० चौरस मिलिमीटरची घातली तर रोध हजार मीटरला ३.०८ ओहम आणि वाढ फक्त ४ व्होल्ट. वायरच्या टोकाची लग नीट न दाबलेली, स्क्रू ढिला, तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतंच पिळून जोडलेलं, असं काही असेल तर यात आणखी भर पडते आणि तो जोड तापतो. दुपारी मेन स्विच बंद करून जोड बघा, काळपटलेला इन्सुलेशनचा तुकडा लगेच दिसतो.

फरक किरकोळ निघाला तर इन्व्हर्टरचा एसी स्विच पाडून मीटरपाशी पुन्हा मोजा. तरीही २४८-२५० दिसत असेल, तर विषय डीपीचा आहे. मोठ्या रोहित्रांना टॅप, म्हणजे व्होल्टेज थोडं वर-खाली करायची सोय, असते. एक पायरी अडीच टक्क्यांची, म्हणजे फेजला सुमारे ६ व्होल्ट. तो बदलायला डीपी पूर्ण बंद करावी लागते. शिवाय टॅप खाली घेतला की संध्याकाळी लाइनच्या शेवटच्या घरात व्होल्टेज कमी पडतं. वायरमन टाळाटाळ करतो त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. तीन दिवसांची तासवार नोंद करून महावितरणच्या उपविभागाला लेखी द्या. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये व्होल्टेजचा आलेख असतो, तोच छापून जोडा. तोंडी तक्रारीला वजन नसतं.

एक गोष्ट आजच तपासा. शेजाऱ्यांकडे वेगळ्या फेजवर २१० आणि तुमच्याकडे २५५ असं एकाच वेळी दिसलं, तर न्यूट्रल ढिली झाल्याची शक्यता आहे. ती तुटली तर एखाद्या घरात तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. ही तक्रार त्याच दिवशी करायची.

आणि एक करू नका. काही बसवणारे सेटिंगमध्ये दुसऱ्याच देशाचा कोड टाकून मर्यादा २७० पर्यंत वाढवून देतात. बंद पडणं थांबतं, पण ते वाढलेलं व्होल्टेज तुमच्या आणि शेजारच्या फ्रिजला, एलईडीच्या ड्रायव्हरला, चार्जरला सोसावं लागतं. त्यापेक्षा गिझर, वॉशिंग मशीन आणि टाकीची मोटर दुपारी लावा. २ किलोवॉटचा गिझर चालू असला की बाहेर जाणारी वीज तिसऱ्या हिश्शावर येते, आणि बाहेरच्या लाइनवरची वाढही तेवढीच.

इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी, आडगाव : स्पेनमध्ये २०२५ साली सौरऊर्जा जास्त झाल्यामुळे अख्खा देश अंधारात गेला असं वाचलं. आपल्याकडेही होईल का?

उत्तर : २८ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या घड्याळात दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटं झाली होती, तेव्हा स्पेन आणि पोर्तुगालची ग्रिड कोसळली. युरोपीय तज्ज्ञांच्या चौकशीत पुढं आलेलं कारण व्होल्टेज वाढण्याच्या साखळीचं आहे. वरचं पत्र वाचून हा तोच प्रकार वाटेल, पण जात वेगळी आहे. गल्लीतल्या बारीक वायरीत रोधाचा खेळ असतो, ४०० किलोव्होल्टच्या लाइनमध्ये रिॲक्टिव्ह पॉवरचा, म्हणजे काम न करता मागंपुढं हेलकावणाऱ्या आणि व्होल्टेज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या विजेचा. लांब लाइनवर भार कमी असला की ती कपॅसिटरसारखी वागते आणि दूरच्या टोकाला व्होल्टेज चढतं. ते खाली ओढायला जनित्रांनी रिॲक्टिव्ह पॉवर शोषायची असते. तिथले बरेच सौर आणि पवन प्रकल्प ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचं ठरावीक प्रमाण राखून, चालत होते, व्होल्टेज बघून ते आपलं काम बदलत नव्हते. व्होल्टेज चढलं, काही केंद्रं संरक्षणासाठी सुटली, ती सुटल्यामुळे लाइनवरचा भार आणखी घटला, व्होल्टेज आणखी चढलं, मग पुढची केंद्रं सुटली. जनित्रांच्या फिरत्या वजनाची कमतरता, म्हणजे इनर्शिया कमी असणं, हे मूळ कारण नव्हतं. सौरऊर्जेवर खापर फोडणं सोपं आहे, पण दोष तिच्याकडून व्होल्टेज सांभाळायचं काम न घेण्यात होता.

आपली पाचही विभागीय जाळी ३१ डिसेंबर २०१३ पासून एकाच लयीत चालतात, त्यामुळे धक्का वाटून घ्यायला अख्खा देश असतो. वारंवारितेचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशानं दिवे मालवले, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटनं उतरली. तरी वारंवारिता ४९.७० आणि ५०.२६ च्या मध्येच राहिली, कारण जलविद्युत केंद्रं त्याच तालावर खाली घेतली आणि परत वर आणली. पण ते आधी सांगून झालं होतं. खरी परीक्षा न सांगता येणाऱ्या दुपारची.

प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर ‘ग्रिड-फॉर्मिंग’ इन्व्हर्टर बघ. साधा इन्व्हर्टर लाइनवरची लहर पाहून तिच्यामागं जातो. हा स्वतःची लहर उभी करतो. अडचण कुठं येते? शॉर्ट सर्किट झालं की फिरतं जनित्र नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह देतं आणि त्यावर लाइन तोडायचा हुकूम देणारा रिले ओळखतो की काहीतरी बिघडलंय. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर नेहमीच्या सव्वापटीच्या पुढं सहसा जात नाहीत. म्हणजे दोष असूनही रिलेला तो दिसेलच असं नाही. सध्याच्या संशोधनातला मोठा वाटा या एका गाठीपाशी अडलाय.

निफाड तालुक्यातून : घरच्या १२ व्होल्ट इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी संपली. लिथियम घ्यावी, की सोडियमची येतेय म्हणतात तिची वाट बघावी? आमच्याकडे थंडीत पारा पाचाच्या खाली जातो.

उत्तर : लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. १०० एएचची पुरेल. ट्युब्युलरची १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट, पण तिच्यातलं निम्म्यापेक्षा फार जास्त रोज काढलं तर ती लवकर मरते. लिथियमची १२.८ गुणिले १००, म्हणजे १.२८ युनिट. त्यातलं ८०-९० टक्के बिनघोर वापरता येतं.

थंडीची भीती फार धरू नका. लिथियमला शून्याखाली चार्ज करायचं नसतं, कारण लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं आणि परत येत नाही. पण पारा पाचाच्या खाली जातो तो बाहेर, उघड्या रानात. घरातल्या खोलीत तेवढं उतरत नाही. निफाडच्या बॅटरीचा खरा वैरी एप्रिल-मे आहे, तेही ती पत्र्याच्या पडवीत ठेवली असेल तर. लेड-ॲसिडबाबत ढोबळ नियमच आहे की तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, आणि लिथियमलाही उष्णता मानवत नाही. आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा.

फसगत होते ती चार्जरपाशी. ट्युब्युलरसाठी लावलेला इन्व्हर्टर अधूनमधून १५ व्होल्टच्या वर नेतो. लिथियमच्या चार सेलची कमाल १४.६ आहे. त्यापुढं आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, धाडकन बॅटरी तोडतो आणि लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग असेल तर ते लावा. नसेल तर आधी इन्व्हर्टरचा विचार करा, मग बॅटरीचा.

आता सोडियम. रसायनशास्त्राच्या बाजूनं गोष्ट झकास आहे. ग्राफाइट सोडियमला जवळजवळ घेतच नाही, म्हणून ऋण बाजूला हार्ड कार्बन वापरतात. नारळाच्या करवंटीसारख्या वस्तू हवेशिवाय भाजून मिळणारा, अस्ताव्यस्त थरांचा कोळसा तो. सोडियमची ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पत्री चालते आणि तांब्याचा खर्च वाचतो. ही बॅटरी शून्य व्होल्टपर्यंत रिकामी करून पाठवता येते, वाहतुकीला ते फार सोयीचं. थंडीही ती चांगली सोसते. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीनं २०२५ साली किलोला १७५ वॉट-तासांचा सेल जाहीर केला, म्हणजे वजनाच्या हिशेबात ती लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पंगतीला आली. पुण्यात केपीआयटी या कंपनीनंही आयसर या विज्ञानसंस्थेच्या साथीनं विकसित केलेलं सोडियमचं तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये मांडलं.

तुमच्या घरात ती का बसत नाही? लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, सोडियमचं उतरणीसारखं घसरत जातं. तिच्या एका प्रकारात सेल ४.० वरून १.५ पर्यंत येतो. चार सेल म्हणजे १६ वरून ६ व्होल्ट. तुमचा इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास हात वर करतो, आणि वरच्या बाजूला एरवी साडेचौदाला चार्जिंग थांबवतो. दोन्ही टोकांची वीज आतच राहते आणि तिचे पैसे मात्र मोजलेले असतात. सोडियमसाठीच बनवलेला इन्व्हर्टर सोबत मिळत असेल तेव्हा बघा.

देवळाली कॅम्पची आठवीतली एक विद्यार्थिनी : अंक उतरत्या-चढत्या क्रमानं लावून वजा करत राहायचा ६१७४ चा खेळ सरांनी करून दाखवला. माझ्या मैत्रिणीचं उत्तर मात्र शून्य आलं. तिनं कुठं चूक केली? आणि असं का होतं?

उत्तर : मैत्रिणीनं बहुतेक १११२ सारखी संख्या घेतली असेल. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथं ०९९९ असं चार अंकी लिहायचं असतं. मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१ आणि गाडी पुढं जाते. शून्य टाकून दिलं की ९९९ वजा ९९९, खेळ खलास.

बाकीच्या वाचकांसाठी : चारही अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथंच थांबतो. २०२६ घेऊन बघ : ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मांडलं.

का होतं ते तुला वहीत सिद्ध करता येईल, घाबरू नकोस. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धर. मोठ्या संख्येतून छोटी वजा केली की उरतं ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे चार अंक महत्त्वाचे नाहीतच, दोन फरक तेवढे महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत कितीही. मोजलंस तर २ + ३ + … + १०, अशा ५४ जोड्या होतात. ८,९९१ संख्या तपासायच्या होत्या, त्या ५४ वर आल्या. फरक ६ आणि २ असले की ५९९४ + १८० = ६१७४, आणि ७६४१ वजा १४६७ मध्ये हेच फरक परत येतात. उरलेल्या ५३ जोड्या एका रविवारी होतील. पाच अंकी संख्येवर करून बघ, तिथं एक आकडा मिळत नाही, फेरे मिळतात : ५३९५५ चं ५९९९४ आणि त्याचं परत ५३९५५.

तुझ्या गावाच्या नावाच्या संख्याही आहेत, हे सरांनी सांगितलं का? एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की दुसरी तयार होते : १५ + १ + ५ = २१. अशा रीतीनं कुठल्याच संख्येपासून तयार न होणारी ती देवळाली संख्या, म्हणजे स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या पहिल्या काही. सालांमध्ये २०२२ हे देवळाली साल होतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं तू शोध. पडताळा : नंतरचं २०३३ आलं पाहिजे.

फरशीकाम करणारे एक वाचक, इंदिरानगर : एका मालकाला व्हरांड्यात ‘आइनस्टाइन टाइल’ हवीय, मोबाइलवर चित्र दाखवतात. १० चौरस मीटर जागा आहे. साचा कसा काढू, नग किती लागतील, कुठं फसेन?

उत्तर : आधी नावाचा घोळ काढू. शास्त्रज्ञ आइनस्टाइन यांचा इथं काही संबंध नाही. जर्मनमध्ये ‘आइन श्टाइन’ म्हणजे एक दगड. एकाच आकाराच्या लादीनं अमर्याद जमीन भरायची, पण नक्षी कधीच ठरावीक अंतरानं परत येता कामा नये, हा जुना प्रश्न. रॉजर पेनरोझ यांनी १९७४ मध्ये तो दोन आकारांवर आणला होता. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या हौशी माणसाला सापडलेल्या एका आकारावर तो सुटला, सिद्धता त्यांनी तिघा जाणकारांसोबत दिली. टोपीसारखा दिसतो म्हणून ‘हॅट’.

साचा सोपा आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या षटकोनांची जाळी काढा. प्रत्येक षटकोनाच्या मध्यापासून बाजूंच्या मध्यबिंदूंना रेघा जोडल्या की सहा पतंग मिळतात, छोटी बाजू ५ आणि लांब बाजू ८.६६ सेंटिमीटर. मालकाच्या चित्राप्रमाणे निवडलेले आठ पतंग मिळून एक हॅट. क्षेत्रफळ ३४६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २९ नग, तुमच्या जागेला २९०.

पण इथंच फसाल. हॅटच्या मांडणीत काही नग आरशातल्यासारखे उलटे लागतात, साधारण सात सुलट्यांमागे एक. २९० मध्ये सुमारे ३७. कागदाचा तुकडा पालथा घालता येतो, लादीची पाठ वर करता येत नाही. म्हणून उलट्या साच्याचे नग वेगळे पाडावे लागतील.

त्यापेक्षा त्याच चौघांनी मे २०२३ मध्ये दिलेला ‘स्पेक्टर’ घ्या. त्याच्या चौदाही बाजू सारख्या, उलटा नग लागत नाही. चित्रांत त्याच्या कडा वळणदार असतात, त्या कुणी नग पालथा घालू नये यासाठी. तुमची लादी तशीही एकाच बाजूनं घोटलेली असणार, मग कडा सरळ ठेवल्या तरी काम होतं आणि कापणी स्वस्त पडते. बाजू ६.५ सेंटिमीटर ठेवली तर क्षेत्रफळ पुन्हा ३४६ च्याच घरात. म्हणजे नग तेवढेच, साचा एकच.

मांडताना अंदाजानं लावत जाऊ नका. चुकीच्या दिशेचा नग त्या जागी बेमालूम बसतो आणि आठ-दहा नगांनंतर अशी फट येते की तिथं काहीच जात नाही, मग उकरत मागं यावं लागतं. संगणकावर पूर्ण मांडणी काढून प्रत्येक नगाला नंबर द्या, तोच नंबर लादीच्या पाठीवर. २ मिलिमीटरचा सांधा धरला तर नग सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर आत कापायचा. हे विसरलात तर फरक साठत जाऊन शेवटच्या भिंतीपाशी बोटभर होतो. आतल्या बाजूला वळलेले कोपरे तुटतात, ते वॉटरजेटनं कापून घ्या, ग्राइंडरनं नको. कडेचे सगळे नग कापले जाणार, म्हणून १५ टक्के जास्त पाडा.

अंबड एमआयडीसीतून एक टेक्निशियन : युरोपला जाणाऱ्या स्विचगिअरच्या पॅनेलमध्ये (वीज जोडायची-तोडायची बंद टाकी) एसएफ-६ वायू बंद होऊन कोरडी हवा आलीय. काम तेच दिसतं, पण टेस्टिंगला नग जास्त परत येतात. का?

उत्तर : बंद होण्याचं कारण : एसएफ-६, म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड, कार्बन डायऑक्साइडच्या चोवीस हजार पटींच्या आसपास उष्णता अडवतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानं २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये असे वायू १ जानेवारी २०२६ पासून, काही अपवाद सोडून, बंद केले. मोठ्या व्होल्टेजसाठी फ्लोरोनायट्राइल या वायूचं कार्बन डायऑक्साइडशी मिश्रण वापरतात. तो शुद्ध वापरता येत नाही, उणे पाच अंशांच्या आसपासच त्याचं द्रव होतं. शिवाय तोही न विघटणाऱ्या फ्लोरिनच्या कुळातला, म्हणून त्याच्यावरही नजर आहे.

नग परत येण्यामागे तीन गोष्टी बघा. एसएफ-६ त्याच दाबाला हवेच्या अडीच पट व्होल्टेज सोसतो, त्यामुळे बसबारची, म्हणजे आतल्या वीजवाहक पट्टीची, खरबरीत कड, ड्रिलचा कीस, बोटाचा डाग तो पचवत होता. हवा पचवत नाही, लगेच पार्शल डिस्चार्ज, म्हणजे आतल्या आत बारीक ठिणग्या, दिसतो. कडा गोल करा, टाकी बंद करण्याआधी व्हॅक्यूम क्लीनर आणि न सुटणाऱ्या धाग्याचं कापड. दुसरं, हवा हलकी, उष्णता कमी वाहून नेते. पूर्वी पास होणारा जोड आता तापतो. चांदीचा मुलामा असलेल्या बोल्टच्या जोडाला ७५ अंशांची वाढ चालते, पण टॉर्क थोडा कमी पडला की ती ओलांडते. मायक्रो-ओहममधल्या रोधाची नोंद प्रत्येक जोडाची घ्या, सरासरी नको. तिसरं, गळती. एसएफ-६ हुंगणारं यंत्र हवेला आंधळं आहे. टाकीत हेलियम भरून तपासणी करावी लागते, आणि ओ-रिंगला लागलेला केसही त्यात पकडला जातो.

जुनी एसएफ-६ ची टाकी उघडायची वेळ आली तर वायू बाहेर सोडू नका, रिकव्हरी कार्टनं सिलिंडरमध्ये घ्या. आत पांढुरकी पूड दिसली तर ती विषारी समजा, ओल लागली की हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटतं. हातमोजे आणि मास्क हवेच. आणि हा वायू हवेच्या पाचपट जड आहे, केबल ट्रेंचमध्ये साचतो, तिथं वाकून काम करणाऱ्याला वास न येता गुदमरवतो.

कॉलेज रोडहून : २०२३ मध्ये गाजलेल्या एलके-९९ या खोलीच्या तापमानाच्या अतिवाहकाचं पुढं काय झालं?

उत्तर : काही नाही, तो अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ, नव्हता. रोध एकदम उतरलेला दिसला तो भेसळीतल्या कॉपर सल्फाइडमुळे. ते १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतं. जर्मनीत श्टुटगार्टला एलके-९९ चे शुद्ध स्फटिक केले, ते जांभळे, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेलाही अतिवाहकता दिसली नव्हती. अर्धवट तरंगणारा तुकडा साध्या चुंबकत्वामुळे उभा राहत होता.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यातून : कोपऱ्यातून सोफा वळवण्याचं गणित म्हणे सुटलं. आमची बोळ ३ फुटी, काटकोनात वळते. ६ फुटी सोफा जाईल?

उत्तर : आडवा जाणार नाही. सुटलं ते असं : काटकोनी बोळीतून वळू शकणारा सगळ्यात मोठा सपाट आकार कोणता, या १९६६ पासून पडून असलेल्या प्रश्नावर जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ मध्ये १८ तुकड्यांच्या कडेचा एक आकार सुचवला होता. त्याहून मोठा शक्यच नाही, अशी सिद्धता कोरियाच्या जिनियॉन बेक यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडली. क्षेत्रफळ बोळीच्या रुंदीच्या वर्गाच्या २.२१९५ पट, तुमच्या बोळीत जेमतेम २० चौरस फूट. पण तो टेलिफोनच्या जुन्या रिसिव्हरसारखा दिसतो, त्यावर बसणार कोण?

सरळ आयताकृती सोफ्यासाठी हे सूत्र वापरा : बोळीच्या रुंदीला १.४१४ ने गुणा, त्यातून सोफ्याची खोली वजा करा, उरेल त्याची दुप्पट म्हणजे जास्तीत जास्त लांबी. अडीच फूट खोलीचा सोफा ३ फुटी बोळीत साडेतीन फूट लांबीपर्यंतच वळतो. बोळ ४ फूट असती तर सव्वासहा फुटांपर्यंत गेला असता. तुमचा सोफा उभा करून न्या. उभा केला की जमिनीवर खोली आणि उंचीएवढाच आयत उरतो, तो सहज वळतो. आधी पाय काढा, आणि वाटेतल्या दारांच्या चौकटी ६ फुटांपेक्षा उंच आहेत का ते मोजून घ्या. जुन्या वाड्यात तिथंच अडतं.